‘झालं’ लिहिलेला खिसा

लिफ्टवालीशी भांडणं सोपं नव्हतं, कारण ती आवाज चढवत नसे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ती लग्नाआधीपासून तक्रारींचे फोन घ्यायची, म्हणून हे नाव पडलेलं. लिफ्टमध्ये अडकलेलं माणूस आधी ओरडतं, मग शिव्या देतं, मग रडकुंडीला येतं. त्याला ‘घाबरू नका’ म्हणून काडीचा उपयोग नसतो. पुढे काय होणार ते सांगावं लागतं. “आता दिवा जाईल. मग वरून ठोकल्याचा आवाज येईल. एक हिसका बसेल आणि दार उघडेल.” एवढं सांगितलं की भलेभले गप्प उभे राहतात.

तिच्या लेकीला, माऊला, ऑटिझम आहे हे कळलं तेव्हा सल्ला द्यायला सगळी आळी आली. लिफ्टवालीनं मात्र आपलं जुनंच शहाणपण बाहेर काढलं. माऊ बोलत नव्हती, पण फोटो बरोबर ओळखायची. मग भिंतीवर कापडाची उभी पट्टी आली. तिच्यावर दिवसभराचे फोटो ओळीनं चिकटवलेले: ब्रश, दूध, चपला, झोपाळा. खाली एक खिसा, त्यावर दोऱ्यानं ‘झालं’ असं लिहिलेलं. गोष्ट उरकली की माऊ तो फोटो काढून खिशात टाकायची. बेत बदलणार असेल तर त्या फोटोवर आधीच निळं कार्ड लावायचं. न सांगता काही बदलायचं नाही, हा घरचा कायदा.

पट्टीच्या टोकाला, संध्याकाळच्या जागी, आईचा फोटो असे. त्या वेळी दोघी फरशीवर बसून बटणांचा डबा उपडा करत आणि मोठ्यापासून लहानापर्यंत बटणांची रांग लावत. त्या तासाभरात घरात कुणीच कुणावर चिडत नसे.

माऊला तीन शाळांनी परत पाठवलं, तेही तिच्याच भल्यासाठी. लोक दुसऱ्याच्या लेकराचं भलं फार पटकन ठरवतात. तिसऱ्या शाळेतून परतताना लिफ्टवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. माऊला जिथून कुणी घालवून देणार नाही असं एक तरी दार हवं, आणि ते कुणी उघडत नसेल तर आपणच उघडू, असं तिनं त्याच दिवशी ठरवलं. दवाखान्यांच्या बाकांवर भेटलेले चार-पाच आईबाप बरोबर आले. बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आणि हातापायांचे व्यायाम घेणारा एक तरुण, दोघांनी होकार दिला. नवरा छापखान्यातून दमून यायचा. तिची धावपळ पाहून म्हणायचा, “आता मी कुणाकडे तक्रार करू? तक्रारखातं तर तूच.”

अशा मुलांच्या केंद्राला जागा मिळावी म्हणून उंबरठे झिजवताना मात्र तिच्या नाकी नऊ आले. जागा आधी रिकामी असायची. कशासाठी हवी ते सांगितलं की मालकाचा पुतण्या अचानक तिथे दुकान काढणार असायचा. शेवटी एका इमारतीत तळमजल्यावरचा, बंद पडलेला दातांचा दवाखाना मिळाला. तर तिथले सेक्रेटरी आडवे आले.

“आमचा विरोध नाही हो,” ते म्हणाले. “पण असली मुलं ओरडतात. वर म्हातारी माणसं आहेत.”

हे बोलत असताना वरच्या मजल्यावर भिंत फोडायचं काम चालू होतं आणि सेक्रेटरींना स्वतःचंच बोलणं ऐकू येत नव्हतं. पण ड्रिल पडलं त्यांच्या जावयाच्या घरचं, त्याला आवाज म्हणत नाहीत.

सुताराची तऱ्हा आणखी वेगळी. भेदरलेल्या मुलाला थोडा वेळ शांत बसता यावं म्हणून एक छोटी खोली केली होती. यानं तिला बाहेरून कडी लावून ठेवली.

“पोरं पळतील ना, ताई.”

“पळू देत. ती खोली त्यांच्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही. काढा कडी.”

त्यानं कडी काढली आणि दुसऱ्या दिवशी आणखी मजबूत बसवली. तिनं कपाळाला हात लावला. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं?

या सगळ्यात तिची संध्याकाळ गेली. माऊला सांभाळायला घरात तिची मोठी नणंद होती, वन्सं. रोज निघताना लिफ्टवालीला मनापासून वाटे, की आज वेळेत परत येऊ. म्हणून निळं कार्ड काही तिनं लावलं नाही. आणि रोज कुणीतरी तिला अडकवून ठेवी. माऊ संध्याकाळी किंचाळू लागली, भिंतीवर डोकं आपटू लागली. लिफ्टवाली रात्री येऊन ते वन्संकडून ऐके, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांना दोष देई आणि पट्टीवरचे फोटो आणखी स्पष्ट काढून घेई. मग एक दिवस ते ओरडणं थांबलं. पुन्हा झालंच नाही.

तिला हुरूप आला. सेक्रेटरींनी बैठक बोलावली तेव्हा तिनं तेच पुढे केलं. “माझी मुलगी रोज संध्याकाळी घर डोक्यावर घ्यायची. आता आवाज नाही. औषध नाही, धाक नाही. पुढे काय होणार ते तिला आधी दिसतं, एवढंच. केंद्रात आम्ही हेच करणार. खोटं वाटत असेल तर घरी येऊन ऐका.”

सेक्रेटरी खरंच गेले. लिफ्टवाली तेव्हा तिसऱ्यांदा कडी काढून घेत होती. वन्संनी त्यांना चहा दिला, माऊ बटणं लावत बसली, आणि सेक्रेटरी अर्धा तास शांतता ऐकून आले. दुसऱ्या दिवशी परवानगी मिळाली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती पहिल्यांदाच उजेड असताना घरी आली. दारातूनच म्हणाली, “माऊ, बघ कोण आलंय.” माऊनं मान वर केली नाही. वन्संच्या शेजारी बसून ती बटणं लावत होती. लिफ्टवाली पट्टीपाशी गेली. टोकाची जागा रिकामी होती.

“वन्सं, माझा फोटो पडला वाटतं कुठे.”

“पडला नाही. खिशात आहे.”

“आत्ताच? अजून तर मी बसलेही नाही तिच्याजवळ.”

वन्संनी हातातलं बटण रांगेत ठेवलं. “मी रोज रात्री पट्टी पुन्हा लावते,” त्या म्हणाल्या. “ती सकाळी उठते आणि सगळ्यात आधी तुझा फोटो काढून खिशात टाकते. मग ब्रश, मग दूध. असं करायला लागल्यापासूनच तिचं रडणं थांबलं.”

“मला बोलला का नाहीत?”

“दोनदा सांगितलं. तू फोनवर होतीस. आणि तू तरी तिला सांगितलं होतंस का?”

गेले कित्येक महिने लिफ्टवालीकडे चिडायला कुणी ना कुणी होतंच. मालक, सेक्रेटरी, सुतार. आता शोधूनही कुणी सापडेना. या शांततेचे गोडवे गाऊन तिनं जागा मिळवली होती. तिला रडू आलं, आणि रडण्याचाही राग आला.

तिनं खिशाकडे हात नेला. पण दिवस संपेपर्यंत मोठ्यांनी खिशात हात घालायचा नाही, हा तिचाच नियम होता. केंद्राच्या भिंतीवर तो तिनं त्याच दुपारी रंगवून घेतला होता. ती फरशीवर, रांगेपासून थोडी लांब बसली. माऊनं एक बटण उचललं, तिच्याकडे पाहिलं आणि ते वन्संच्या हातात दिलं.