जुन्या हेडवरचं मतदान

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील ती सभांमधून आणायचे. मी वाचायला शिकलो तो त्यांवरच. त्यामुळे किहीमच्या बाजूच्या एका कोळीवाड्यात मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून गेलो, तेव्हा जगातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं माझ्याजवळ तयार होती. इंजिनाचं मात्र मला काही कळत नव्हतं.

सोसायटीची इंजिनवाली होडी एकच. तिच्या दोन्ही सिलिंडरांची हेडं, म्हणजे वर बसणारी ओतीव लोखंडाची जड झाकणं, त्या पावसाळ्यात कामातून गेली. थंडाव्यासाठी त्यांच्यातून समुद्राचंच पाणी फिरायचं. खाऱ्या पाण्यानं ती आतून खाल्ली होती. त्या काळी नवी हेडं सरकारी परवान्यावरच मिळायची, आणि परवाना कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मुंबईचा एक व्यापारी बिनपरवान्याची द्यायला तयार होता. तिसरी वाट आमच्याच शेडमध्ये पडून होती : त्याच जातीचं, मोडीत काढलेलं जुनं इंजिन. त्याची हेडं वरून शाबूत दिसत होती.

इंजिन बांधायला बोर्ली पंचतनचे एक मिस्त्री आले. सारी उमर बोटींच्या इंजिनखोल्यांत गेलेली. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी जुनी हेडं खरवडली, रॉकेलमध्ये भिजवली, कोरडी पुसली आणि वर खडूची पूड चोळली. मग विडी पेटवून बसले. विडी संपली तेव्हा एक हेड पांढरंच होतं. दुसऱ्यावर, दोन व्हॉल्व्हांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, केसासारखी काळी रेघ उमटली होती. आत मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

चाचांनी रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. "अडकतंय."

होडी चालवणारा तांडेल शेजारीच उभा होता. "सेक्रेटरी, तुम्ही बघा. आमची नखं जाल्यांनी खाल्ली. तुमची शाबूत हायत."

मी नख फिरवलं. अडकलं. "ओरखडा असेल," मी म्हणालो.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. शेडमध्ये सभा भरली. तांडेल म्हणाला, "व्यापाऱ्याकडनं आणा. इंजिन बंद पडलं का दर्यात आम्ही असतो, तुम्ही न्हाय."

मी उठलो. गरिबांची सोसायटीच काळ्या बाजारात गेली तर तिच्यात आणि दलालात फरक काय उरला, असं विचारलं. बोलताना माझा आवाज चढत गेला. माणसं ऐकत होती, आणि ती ऐकताहेत हे मला आवडत होतं. शेवटी मी चाचांकडे वळलो. "एका शब्दात सांगा चाचा, हेड चालेल की नाही?"

"चालेल," चाचा म्हणाले. "पण तापलं की ही रेघ उघडणार. आज उघडेल नाहीतर दोन महिन्यांनी. मला विचाराल तर बसवू नका."

मी मतदान घेतलं. लोखंडाच्या भेगेवर हात वर करून मतदान! चाचा सभासद नव्हते, त्यांना मत नव्हतं. बहुतेक हात माझ्या बाजूनं वर गेले. तांडेल बसून राहिला. सभेच्या वहीत मी लिहिलं : 'मिस्त्रींच्या मते जुनी हेडे चालतील. ठराव बहुमताने मंजूर.'

हेडं बसली. चाचांचं काम संपलं होतं, तरी ते घरी गेले नाहीत. "इंजिन ऐकायला जातो," म्हणत रोज होडीवर चढायचे. चौथ्या फेरीत, खांदेरी बेटाच्या बाहेर, रेघ उघडली. सिलिंडरातला दाब पाण्याच्या वाटेत घुसला आणि रबरी नळी सुटली. चाचा इंजिन बंद करायला वाकले होते. उकळतं खारं पाणी त्यांच्या उजव्या हातावर आलं.

होडी शिडावर परतली. मी किनाऱ्यावर होतो. तांडेलानं त्यांना पाठीवर घेऊन आणलं आणि माझ्याजवळून जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही. अलिबागच्या दवाखान्यात हात वाचला, पण बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच.

पुन्हा सभा भरली. चाचा हात गळ्यात बांधून दाराशी बसले होते. मागून कुणीतरी ओरडलं, "मिस्त्रीनंच चालंल म्हणून सांगितलं व्हतं! वही वाचा!"

मी वाचलं.

"पुढचं वाचा," तांडेल म्हणाला.

"पुढचं नाही."

"न्हाय कसं? बोललं व्हतं ते."

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणावं, मला खोटा ठरवावं, असं वाटत होतं. ते म्हणाले, "चालेल म्हणालो होतो. ते खोटं नाही."

तेव्हाही मला बोलता आलं असतं. मी वही मिटली. त्याच सभेत ठरलं की हेडं व्यापाऱ्याकडून आणायची आणि मिस्त्री दुसरा बघायचा. दोन्ही ठरावांना माझा हात वर होता.

काळ्या बाजाराविषयी माझं मत आजही तेच आहे. पण आमच्या घरातल्या पत्रकांत समोरच्याचं सोयीचं तेवढंच वाक्य उचललेलं असायचं, आणि मी ती कला लहानपणीच शिकलो होतो.

आपल्या गावी परत जाण्याच्या दिवशी चाचा माझ्या खोलीवर आले. "अर्ज लिहायचाय. गोदीत पहारेकऱ्याचं काम मिळतं का बघतो. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी कागद घेतला. ते समोर बसले.

"मी सांगतो तसं लिही," ते म्हणाले. "सगळं लिही हां, बेटा."