नाव न घेतलेला निरोप

मुरबाडच्या कोर्टासमोर वकिलांच्या पाट्या पुष्कळ, पण आत पाय टाकताच "बसा" म्हणणारं ऑफिस एकच. आणि ते म्हणते कुणाली. काळा कोट कमळाकर वकिलांचा, ऑफिस चालवते ती.

धसईहून एसटीने आलेल्या म्हाताऱ्याला दारात ताटकळत ठेवायचं आणि "साहेब कोर्टात आहेत, पुढच्या महिन्यात या" म्हणून घालवायचं, याला वकिली नाही, माज म्हणतात. हे तिने नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सरांना तोंडावर सुनावलं होतं. सर नुसते चष्मा पुसत राहिले. पण दुसऱ्या दिवशी बाहेर बाकडं आलं, पाण्याचा माठ आला आणि टेबलावर कॉम्प्युटर.

त्यात कुणालीने एकेका दाव्याची तारीख भरली. आता तारखेच्या आदल्या दिवशी अशिलाच्या फोनवर तिच्याच आवाजातला निरोप जातो: "वकील ऑफिसातून बोलतेय. उद्या तुमची तारीख आहे. सकाळी लवकर या. भाकर खाऊन निघा." नाव मात्र ती मुद्दामच घ्यायची नाही. कुणाची कोर्टाची भानगड चारचौघांत कशाला?

त्या दिवशी बुधीमावशीची साक्ष होती. ही टोकावड्याच्या वरच्या पाड्यावरची. नवरा गेला आणि दिराने तिच्या भातखाचराला कुंपण घातलं. मागच्या तारखा तिला कळल्याच नाहीत. तेव्हा निरोपाची सोय नव्हती. न्यायाधीशांनी बजावलं होतं, ही शेवटची संधी. आज मावशी आली नाही, तर दावाच काढून टाकणार.

सकाळी कुणालीने सहज मावशीचा नंबर बघितला. नंबर पाड्यावरच्या शामचा. पाड्यावरच्या झाडून सगळ्या अशिलांनी तोच दिलेला! टेकडीवरच्या उंबराखाली रेंज धरणारा फोन तेवढा एकच. आणि निरोपात नाव नाही. शामने तो कुणाला दिला असेल?

फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर.

"सर, माझ्या शहाणपणापायी मावशीचं खाचर जातंय!"

"पुकारा व्हायचाय अजून," सर म्हणाले. पण चष्मा पुसायला लागले.

इतक्यात दारात जीप थांबली. शाम उतरला, मागून दोन बाया, मग पोरं, म्हातारे. माणसं उतरतच राहिली.

"ताय, तारीख हाय बोललीस, कोनाची ते नाय बोललीस!" शाम ओरडला. "अंगनात सगल्यांना ऐकवला निरोप. हा बोलं माजी, ती बोलं माजी. मी बोललो, भांडू नका, चला सगलीच!"

"अरे, पण हा सावळाराम? याची तर केसच नाय आपल्याकडं!" कुणाली म्हणाली.

"नाय ना," सावळाराम छाती काढून म्हणाला. "पन जीपमधी जागा होती."

सगळ्यात शेवटी बुधीमावशी उतरली. कुणालीने तिचा हात धरला तो थेट कोर्टातच नेऊन सोडला.

पुकारा झाला. मावशी साक्षीला उभी राहिली, पदर चाचपडत. दिराच्या वकिलाने आवाज चढवला, "खाचर तुम्हीच कसत होता कशावरून?"

मावशीने दाराकडे बघितलं. सगळा पाडा तिथे दाटीवाटीने उभा होता. तिची मान ताठ झाली.

"ही सगली माज्यासंगं भाताच्या आवनीला उतरलीत त्यात. इचारा कोनालाबी!"

न्यायाधीश गालात हसले. साक्ष नोंदली गेली. दावा बचावला.

बाहेर बाकड्यावर सगळे दाटून बसले, उरलेले माठाभोवती. कुणालीसाठी बांधून आणलेली भाकर सुटली.

"मावशी, चुकलं माझं. पुढच्या टायमाला नाव घेऊन निरोप धाडीन, फक्त तुला."

"नको गो बाय!" मावशी घाबरलीच. "एकली आले असते तर तोंडातून शबुद निघाला नसता. तू सगल्यांनाच बोलव."

कुणाली तशीच खरकट्या हाताने उठली आणि हात धुऊन तिने पुढच्या तारखेचा निरोप तिथल्या तिथे बोलून ठेवला: "उद्या बुधीमावशीची तारीख आहे. सगळ्यांनी या. भाकर खाऊन निघा."

"अगं, बाकडं एकच आहे," सर म्हणाले.

"मग आणखी आणा की, सर."