दोन दाबलं की पुस्तक द्यायचं

मिहानमधल्या ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या कंपन्यांसाठी कोड लिहिते, पण माझा सगळ्यात भारी प्रोग्राम मी सक्करदऱ्याला, आमच्या विहारासाठी लिहिला. हसू नका, खरंच सांगते. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांचा एवढासा मेनू होता तो!

विहाराच्या एका खोलीत वाचनालय आहे. बावीस वर्षं ते माझी मोठी आई, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, सांभाळते. प्रत्येक पुस्तकाचा नंबर तिला तोंडपाठ. कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलाच्या डाव्या अंगाला, खिळ्यावर. मग काचबिंदूनं तिची नजर गेली, म्हणजे जातच राहिली. रजिस्टरमधल्या नोंदी एकमेकींवर चढायला लागल्या. विहाराच्या समितीनं ठरवलं, आता कॉम्प्युटर आणू, आणि ज्याला तो चालवता येईल तोच टेबलावर बसेल. सचिवकाका माणूस वाईट नाहीत, पण "तुमी आता आराम करा" हे त्यांनी इतक्या प्रेमानं म्हटलं की मोठी आई त्या रात्री जेवलीच नाही.

मला असा राग आला! म्हटलं, तीच चालवेल. पंधरा दिवस द्या.

तयार सॉफ्टवेअर टाकून पाहिलं तर तिला माऊसचा बाणच सापडेना. "मले तं मुंगी धुंडल्यावानी होऊन राहिलं वं," ती वैतागून म्हणाली. आणि माझी ट्यूब पेटली. माऊस पाहिजेच कशाला? आकडा दाबा, एंटर मारा. एक, पुस्तक शोधा. दोन, पुस्तक द्या. तीन, परत घ्या. चार, कोणाकडे काय आहे. शून्य, बंद करा. काम झालं की मेनू पुन्हा समोर हजर. भलतंच बटण दाबलं तर प्रोग्राम मान टाकणार नाही, नुसतं म्हणेल, "असा नंबर नाही, परत दाबा."

ऑफिसात असले मेनू आम्ही स्वतःपुरते चहा पितापिता लिहितो. पण तिनं पहिल्यांदा दोन दाबलं, पुस्तकाचा नंबर टाकला, सभासदाचा टाकला आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरात "दिलं" आलं, तेव्हा ती खुर्चीवरून उठलीच. "अवं बाप्पा! हे तं माह्यं ऐकते!" मी टाळ्या पिटत खोलीभर नाचले. आठवडाभरात तिचा हात असा बसला की विचारू नका.

आणि मग मी शहाणपणा केला. समितीसमोर दाखवायच्या आदल्या संध्याकाळी लक्षात आलं, अरे, नवीन सभासदाची सोय राहिलीच की! आधी सभासद, मग पुस्तक, असा सरळ विचार करून मी ती ओळ दोन नंबरला घुसवली. बाकीच्या एकेक खाली सरकल्या. काय सुरेख दिसत होतं ते! तिला सांगितलं नाही. समोर लिहिलेलंच तर आहे, असं वाटलं.

रविवारी समिती खुर्च्या टाकून बसली. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी पुस्तक परत करायला आली. मोठ्या आईनं तीन दाबलं. उत्तर आलं, "हे पुस्तक आधीच बाहेर आहे." पुन्हा तीन, पुन्हा तेच. मग दुसऱ्याला पुस्तक द्यायला दोन दाबलं, तर मशीन नवीन सभासदाचं नाव मागायला लागलं. तिची बोटं थांबली.

"म्हटलं होतं ना, दिसून नाही राहिलं त्यायले," सचिवकाका हळूच म्हणाले.

मोठ्या आईनं खिळ्यावरून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. ती मेनू वाचतच नव्हती! लाईन गेल्यावर आपण अंधारात बरोबर माठापाशी जातो, तशी तिची बोटं आठवडाभर जात होती. आणि मी गाढवीनं माठच हलवला होता.

"थांबा!" मी ओरडले. "चूक माझी आहे, तिची नाही. काल मी नंबर हलवले आणि तिला सांगितलंसुद्धा नाही." सगळ्यांसमोर फाईल उघडली, नवीन ओळ खाली पाच नंबरला नेली, बाकीच्या जिथल्या तिथं. घाईत एक कंस दोनदा चुकला.

मोठ्या आईनं खुर्ची पुढे ओढली. "झालं? आता तो पडदा बंद कर."

"काहून?" सचिवकाका चमकले.

"मले तसाही धड दिसत नाही, भाऊ. तुमी कागदावर लिहून ठेवा, मंग पाहा."

मी मॉनिटर बंद केला. पाच जण पुढे आले, कोणी पुस्तक परत करायला, कोणी न्यायला. ते पुस्तकाचं नाव आणि आपला सभासद नंबर सांगत, ती आकडे टाकी. खोलीत फक्त बटणांची टकटक. मग मॉनिटर लावला, तिनंच चार दाबलं, आणि सचिवकाकांनी यादी आपल्या कागदाशी ताडून पाहिली. पाचही बरोबर! मी शिट्टी मारली, विहारात, सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर. कोणी रागावलं नाही.

सचिवकाका उठले. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला, तिच्या हातात द्यायला गेले, थांबले, आणि वाकून तो डावीकडच्या खिळ्याला अडकवला. मोठ्या आईनं पुढच्याला "या" म्हटलं आणि न पाहता हात टाकला. जुडगा तिथंच होता.