बहुमताने खोटी ठरलेली विलायत

चार रिकामटेकडी माणसं रोज एका ओट्यावर बसली, की किस्से जमवावे लागत नाहीत. जळमटांसारखे ते आपोआप साठतात. आमचा ओटा ठाण्यातला, मासुंदा तळ्याकाठचा. संध्याकाळी गोरे मास्तर तिथे मोठ्याने पेपर वाचायचे आणि जगातली नवलं सांगायचे. ती खरी की खोटी, हे आम्ही हात वर करून ठरवायचो. म्युनिसिपालिटीत मतं घेतात, मग आमच्या ओट्यानेच काय घोडं मारलंय? नवल खोटं ठरलं, तर सांगणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सुपारी आणायची. सुपारीवाला मास्तरांना लांबूनच नमस्कार करायचा.

*

एकदा मास्तरांनी वाचलं, नॉर्वे देशाच्या उत्तर टोकाला उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही.

ओट्यावरच्या कर्मठ शास्त्रीबुवांनी डोळे न उघडता विचारलं, "मग सायंसंध्या कधी करायची?"

मास्तर पेपरात पुन्हा शोधू लागले. ज्या देशात संध्येला वेळ नाही तो देश असूच शकत नाही, असं बुवांनी सांगितलं आणि नेहमीप्रमाणे पहिला हात वर केला. नॉर्वे पडला!

*

ऑस्ट्रेलियात म्हणे एक जनावर अंडी घालतं आणि पिल्लांना दूधही पाजतं. मी सहज बुवांना विचारलं, की त्याचं दूध एकादशीला चालेल का. बुवा दिवेलागणीपर्यंत विचार करत बसले. शेवटी त्यांनी ते जनावरच खोटं ठरवलं. सोपं पडलं.

*

लंडनात जमिनीखालून आगगाडी धावते, हे ऐकून तात्या खवळले. तात्या म्हणजे कोर्टातले जुने कारकून, वकिलांच्या उलटतपासण्या लिहून घेण्यात हयात गेलेली. मुंब्र्याच्या बोगद्यातून जाताना आपलं उपरणं धुराने काळं होतं, तर शहराखालच्या बोगद्यातली माणसं बाहेर निघतात ती भाजूनच निघत असतील, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी मास्तरांबरोबर एक हात खऱ्याच्या बाजूने वर झाला. तो धोंडोपंतांचा, आमच्या स्टेशनातल्या माल-क्लार्कचा. त्यांचा विनायक विलायतेत डॉक्टरी शिकत होता आणि त्या गाडीत स्वतः बसला होता. परदेशातलं पोर आईला काहीही लिहितं, असं म्हणून तात्यांनी तो विषय संपवला. गाडी खोटी.

तिथे धुक्यामुळे भरदुपारी दिवे लावतात, हेही खोटं. आणि हिवाळ्यात साहेब गोठलेल्या तळ्यावरून चालतो, हे ऐकल्यावर तात्यांनी आधी मासुंद्याकडे बघून घेतलं. शेजारी पास्कू बसला होता. भाजीचा मळा करायचा, रविवारी न चुकता चर्चला जायचा.

तो म्हणाला, "पाण्यावर एकच चाललेला. आन् तो सायेब नव्हता."

साहेबही बहुमताने बुडाला.

*

मग विनायक परत आला. त्याच्या बहिणीचं, ठकूचं लग्न शास्त्रीबुवांच्या भाच्याशी ठरलं होतं. बुवांनी ओट्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, की विनायक समुद्र ओलांडून विलायतेला जाऊन आलाय, तेव्हा त्या घरची मुलगी आपल्या घरात येणार नाही.

धोंडोपंत प्रायश्चित्ताचं बोलून पाहत होते. बुवा ऐकेनात. मोडलेल्या लग्नाच्या मुलीला पुन्हा कोण विचारणार? मला धोंडोपंतांकडे बघवेना.

तात्या खाकरले. "मास्तर, बुवांनी सांगितलेलं हे नवल अजून मताला टाकलेलं नाही."

"यात मत कसलं?" बुवा म्हणाले. "सगळ्या ठाण्याला ठाऊक आहे."

"ठाण्याला काय ठाऊक? जमिनीखालून गाडी जाते, दुपारी दिवे लागतात, साहेब तळ्यावरून चालतो, असं गाव जगात नाही, हे या ओट्याने ठरवलंय. दर वेळी पहिला हात तुमचा होता, बुवा. नसलेल्या गावाला पोरगा गेला कसा?"

पास्कूचा हात वर झाला, मग माझा. गोरे मास्तरांनी जन्मात प्रथमच एखादं नवल खोटं म्हणून हात वर केला. मग धोंडोपंतांचाही हात वर गेला. विनायक ओट्याखाली विलायती बूट घालून उभा होता. त्यानेही हात वर केला.

बुवा एकेका हाताकडे बघत राहिले. मग उपरणं झटकून घरी गेले. ठकूच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी शास्त्रीबुवा नेहमीच्या वेळी ओट्यावर आले. सगळ्यांना पुरेल एवढी सुपारी घेऊन.