देवराव ‘नवा घे’ म्हणाले तेव्हा

वाडीत अमरावती रोडच्या गोदामांमागे देवरावांचं गॅरेज आहे. ट्रकचा गिअरबॉक्स सोडून दुसऱ्या कशालाही त्यांनी हात लावला नाही, आणि बत्तीस वर्षांत कुठल्याही मालकाला नवा गिअरबॉक्स घ्या असं सांगितलं नाही. दात झिजलेले असोत की शाफ्ट खाल्लेला असो, देवराव म्हणायचे, "बनते गा. कायले भंगारात टाकतं?" आणि खरोखरच बनवून द्यायचे. मुलगा हिंगण्याच्या कारखान्यात लागला, तो म्हणे बाबा आता पुरे करा; पण यांचे हात ग्रीसमध्ये बुडाल्याशिवाय यांना जेवण गोड लागत नसे.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण सरळ माणसांना आपल्या सरळपणाचा डंका पिटायची वाईट खोड असते, तशी यांनाही होती. चहाच्या टपरीवर जो भेटेल त्याला ते ऐकवायचे, "जो मिस्त्री नवा घे म्हणते ना, त्याचं दुकानवाल्यासंग कमिशन ठरलं राह्यते. डोळे मिटून समजून घेजो." खोटं नव्हतंच ते. वाडीतले निम्मे मिस्त्री कमिशन खात होते आणि देवरावांच्या नावाने बोटं मोडत होते.

यंदाच्या उन्हाळ्यात प्रशिकचा ट्रक त्यांच्या दारात आला. प्रशिक कोराडीच्या वीजकेंद्रातून राख वाहतो, मालक तोच आणि ड्रायव्हरही तोच. त्याच्या वडिलांचा जुना ट्रक देवरावांनी तीनदा उभा केला होता, त्यामुळे पोरगा यांना काका म्हणे. तिसरा गिअर आपोआप सुटत होता म्हणून महिनाभर त्याने दांडा ट्यूबच्या रबराने सीटला बांधून गाडी चालवली होती. "जयभीम काका. दोन दिवसात बनवून द्या, गाडी उभी राह्यली तं काम दुसऱ्याले जाईन," एवढं सांगून तो निघून गेला.

देवरावांनी गिअरबॉक्स उतरवून उघडला. गिअरचे दात गेले होते, त्याचं काही नाही, गिअर बदलता येतात. पण बाहेरचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कवच हाताला बरोबर लागेना. त्यांनी ते डिझेलने धुतलं, वरून रॉकेल फासलं, कोरडं पुसलं आणि खडू घासला. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर उमटतं. थोड्या वेळाने पांढऱ्यावर चार बोटं लांब काळी रेघ आली, थेट बेअरिंग बसतं त्या जागेपासून खाली. देवरावांनी पुसून पुन्हा खडू लावला. मग तिसऱ्यांदा लावला. रेघ तिथेच.

त्या महिन्यात हाती आलेलं ते अवघं दुसरं काम होतं. नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जातात, तिथे कोणी उघडून पाहत नाही, अख्खा गिअरबॉक्स बदलतात. बनतो म्हटलं असतं तर काम हातात राहिलं असतं, आब राहिला असता आणि पोरगाही खूश झाला असता. देवरावांना तो मोह झाला, चांगला तासभर झाला. मग त्यांना घाटउतारावरचा भरलेला ट्रक दिसला आणि स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी प्रशिक आला. देवराव म्हणाले, "हा बनत नाई. नवा घे."

प्रशिक हसला. "मजाक करून राहिले का काका?"

"हे पाह्य, चीर."

"वेल्डिंग मारू ना."

"बेअरिंगपाशी बिडाची वेल्डिंग टिकत नाई. भरल्या गाडीत फुटलं तं शाफ्ट अडकते, मागची चाकं जाम होते. तू मरशीन, संग दुसऱ्यालेही मारशीन."

प्रशिक रेघेकडे पाहत राहिला. पटत चाललं होतं बिचाऱ्याला. आणि तेवढ्यात देवरावांनी घोळ घातला. पोराला कोणी जुना माल रंगवून विकू नये, या काळजीने ते म्हणाले, "नाक्यावरच्या दुकानात जाय. माह्यं नाव सांगजो, तो बराबर माल देईन."

प्रशिकचा चेहरा उतरला. दुकानात नाव सांगायला कोण सांगतं आणि कशासाठी, हे वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यातून प्रशिकला तर ते देवरावांनीच शिकवलं होतं.

"तुमचं नाव सांगू?" तो हळू म्हणाला. "माह्या बापाले तुम्हीच सांगत होते ना काका, नवा घे म्हणणाऱ्याचं काय राह्यते ते?"

 देवरावांना आधी काय झालं तेच कळेना.

"गरज होती तं मले मांगाचं होतं," प्रशिक म्हणाला. "म्या देलं असतं."

शिवी दिली असती तर देवरावांनी चार परत दिल्या असत्या. ते वाकून कवचावरचा खडू पुसू लागले. प्रशिक गिअरबॉक्स टेम्पोत घालून घेऊन गेला. अश्विन नावाच्या मिस्त्रीने, जो त्याच नाक्यावरच्या दुकानातून उघड कमिशन खातो, चीर वेल्डिंगने बुजवली आणि आठवडाभरात गाडी रस्त्यावर आणली. तिकडे टपरीवर बोलणं झालंच, देवरावही शेवटी लायनीले लागले म्हणून. लोकांना दुःख काही झालं नाही. उलट हलकं वाटलं असावं.

पंधरा दिवसांनी प्रशिकने भरला ट्रक देवरावांच्या दारात थांबवला. "ऐका काका, आवाज येते का?" असं म्हणत त्याने गाडी तिसऱ्या गिअरमध्ये थोडी पुढे नेऊन दाखवली. देवरावांना ऐकू आलं. खालून बारीक घरघर येत होती, बेअरिंग सरकू लागलं होतं. ते खिडकीपाशी गेले, सांगणारच होते.

पण प्रशिक वरून मायेने बघत होता. "झालं ते झालं काका. म्या मनात ठेवलं नाई."

न केलेल्या पापाची माफी देवरावांच्या पदरात पडली आणि त्यांचं काळीज दगड झालं. ते म्हणाले, "चांगला बनवला अश्विननं."

ट्रक गेला. प्रशिकचा नंबर देवरावांकडे आहे, रोज ते फोन काढून तो बघतात आणि न लावताच ठेवून देतात. टपरीवरून कोणी घाईने येताना दिसलं की गिअरबॉक्स फुटून आपलं खरं झालं असेल, अशी आधी त्यांना आशा वाटते. मग ट्रकमध्ये प्रशिक बसलेला आठवतो, आणि देवरावांना स्वतःची किळस येते.