बारा कॉम्प्युटर आणि एक स्टूल

देवळालीच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटरची खोली सांभाळणारे गृहस्थ रोज सकाळी चपला दाराबाहेर काढतात आणि बाराही कॉम्प्युटर पुसून चालू करतात. सगळ्यांवर लिनक्स या कार्यप्रणालीची जुनी आवृत्ती आहे. मग स्टूल ओढत ते एकेका कॉम्प्युटरपुढं बसतात आणि एका बोटानं अपडेटची तीच ओळ टाइप करतात. पडद्यावर उत्तर येतं, सर्व्हर सापडला नाही. "यील आज ना उद्या," असं म्हणत ते पुढच्या कॉम्प्युटरकडे सरकतात.

ते लिनक्स बनवणाऱ्यांनी ही आवृत्ती कधीच सोडून दिली. तिचे अपडेट जिथून यायचे, तो सर्व्हरही काढून टाकला. नवी आवृत्ती या म्हाताऱ्या यंत्रांना पेलत नाही. हे सांगायचा मला धीर होत नव्हता. काल न राहवून सांगितलंच.

"म्हाईत हाय की, सर. दोन वर्सं झाली."

"मग रोज हे कशाला?"

"न्हाई केलं तर हितं काम न्हाई म्हणून खोलीला कुलूपच पडंल. मंग मी कुठं बसू?"

त्यांनी स्टूल पुढं ओढलं, तीच ओळ टाइप केली, उत्तर शेवटपर्यंत वाचलं.

"यील आज ना उद्या," ते म्हणाले.

मीही मान डोलावली.