भट्टीत गेलेलं कुंकू

हडपसरच्या आमच्या कारखान्यात सिरॅमिकची कडी धातूच्या वाटीला जोडायचो. मध्ये चांदी-तांब्याची पातळ चकती ठेवून भट्टीत घालायचं. सांधा नीट बसला, की चुलीइतका तापला तरी सुटायचा नाही. बाहेरच्या देशांच्या ऑर्डरी नुकत्याच येऊ लागल्या होत्या. अट एकच, कड्याला उघडं बोट लागता कामा नये. लागलं, की सांधा वरून धड आणि आतून पोकळ.

खंडेनवमीला फोरमननं मशीन, पाने, भट्टी, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. त्याच अंगठ्यानं भट्टीत जायला मांडलेल्या कड्यांनाही लावलं. मी म्हणाले, "अहो साहेब, त्यांना नको. लॉट वाया जाईल."

"तुमच्यात पूजा नसते. तुम्ही गप्प बसा."

आमच्या घरी बुद्धाला फुलं वाहतात. पण लॉट कशानं वाया जातो, ते मला त्याच्यापेक्षा बरं कळत होतं. त्यानं रुमालानं कडी पुसली आणि भट्टीत सरकवली. माझं डोकं फिरलं, पण माझं ऐकतो कोण?

दसऱ्यानंतर तो लॉट माझ्या मैत्रिणीकडे गेला. दाबानं गॅस भरून सांधे तपासायचं काम तिचं. एक कडं बंदुकीच्या गोळीसारखं उडालं आणि चष्म्याच्या कडेनं कपची तिच्या डाव्या डोळ्यात घुसली. बोटांमधून रक्त वाहत होतं, तरी तिनं आधी गॅस बंद केला.

फोरमन म्हणाला, "चष्मा नीट घातला नसेल."

मी हातातला पाना त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचं ऐकू आलं आणि बरं वाटलं. दुसरा घाव डोक्यात घालणार होते, तेवढ्यात लोकांनी मला ओढलं. त्याला हाणल्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळा गेला. दोन दिवसांनी फोरमन हात गळ्यात बांधून दवाखान्यात आला. प्रसादाचा पुडा पुढे करून म्हणाला, "देवाची इच्छा. दुसरं काय?"

मैत्रीण शांतपणे म्हणाली, "साहेब, जरा जवळ या. या बाजूनं दिसत नाही."

तो वाकला. तिनं अशी सणसणीत ठेवून दिली, की त्याचं कपाळ पलंगाच्या दांडीवर आपटून फुटलं. नर्स धावत आली.

"काही नाही हो," मैत्रीण म्हणाली. "एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येतो का, ते बघत होते."